निवेदिताची संत्र्याची बियर

मेहकरच्या शाळेत सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मंजुश्रीबाईंनी बियर कधी जिभेला लावली नव्हती. तरी त्या रविवारी खामगावला एसटी बदलून त्या सोनाळ्याला पोचल्या. निवेदितानं बोलावलं होतं. कॉलेजात मंजुश्रीची प्रयोगवही उतरवून कशीबशी पास झालेली निवेदिता! तिनं आता रीतसर परवाना काढून घरच्या बागेतल्या संत्र्यांची बियर सुरू केली होती. पेपरात अर्धं पान फोटो. स्टाफरूममध्ये जो तो विचारी, "बाई, ह्या तुमच्या वर्गातल्या ना?" हो म्हणताना बाईंचा जीव जळायचा.

बागेच्या कडेला पत्र्याची शेड, आत स्टीलच्या चार टाक्या. निवेदिता एकेक समजावून सांगत होती. यीस्ट किती, तापमान किती. कुठंतरी चुकेल म्हणून बाई कान टवकारून होत्या. ती एकदाही चुकली नाही. बाईंना ते फार लागलं.

मग ग्लास आला. पहिल्या घोटाला फेस नाकाला लागला आणि बाईंना सणसणीत शिंक आली.

"काढा हाय काय वं हा?"

"दुसरा घोट घे, मंग बोल," निवेदिता हसून म्हणाली.

दुसऱ्या घोटाला संत्र्याचा वास कळला. तिसऱ्याला कान गरम झाले आणि उगाचच हसू आलं. चौथ्याला मात्र जिभेच्या मागं काहीतरी कडवट रेंगाळलं. बाईंना हवं ते सापडलं.

"तुह्या बियरमंदी खोट हाय," त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या. "सालीच्या आतलं पांढरं राह्यलं. त्यानं कडू लागते."

निवेदिताचा चेहरा उतरला. बाईंना गार वाटलं, पण क्षणभरच. तिनं लगेच कामावरच्या कचरूभाऊंना हाक मारली, बियरमध्ये टाकायच्या साली मागवल्या. सगळ्यांना आतून पांढरा थर तसाच होता.

"दोन महिने झाले, हे कडूपण कुठून येते ते शोधून राह्यली मी! तुले चार घोटांत कसं समजलं वं?" तिनं बाईंचा हात घट्ट धरला. "पुढच्या खेपेले येजो. तुह्याबिगर टाकी उघडत नाही."

परतताना बाई धुमसत होत्या. खोट काढायला गेले आणि तिचीच बियर सुधारून आले!

दीड महिन्यानं त्या पुन्हा गेल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "त्या बयेले एकटीनं जमत नाही." या खेपेला त्यांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, पुन्हा घोळवला. काहीच सापडेना. निवेदिता समोर श्वास रोखून उभी.

"बरी झाली," बाई कशाबशा म्हणाल्या. निवेदितानं आनंदानं टाळी वाजवली. बाईंच्या पोटात पुन्हा तीच आग उठली. त्यांनी ग्लास पुढं केला.

"अजून अर्धा दे. नीट पाहू दे मले."