समोरचा प्लॉट

पहिली लाथ कोठीला बसली. दुसरी माझ्या मायच्या हाताला.

ज्वारीची पत्र्याची कोठी होती. माय तिला दोन्ही हातांनी कवटाळून भर रस्त्यात बसली होती. कोठी आडवी झाली आणि मायची तीन बोटं पत्रा आणि दगडाच्या मधात चेचली.  तिनं दुसऱ्या हातानं कोठी धरूनच ठेवली.

"पाच म्हटलं न मी," भैयासाहेब म्हणाला. "एका घराच्या पाच वस्तू. मोजता येत नाई काय तुमाले?"

भैयासाहेब म्हणजे गावच्या पाटलांचा थोरला मुलगा. आमचं गाव धरणात चाललं होतं. सात किलोमीटरवर नवं गावठाण आखलं होतं. सामान नेणारा ट्रॅक्टर त्याचा होता आणि कोणाचं सामान कधी न्यायचं हे ठरवणारी समितीही त्याचीच. वरच्या आळीची घरं आठ दिवस हलत होती. त्यांचा कडबा गेला, शेणखत गेलं, पडक्या गोठ्याची लाकडंसुद्धा गेली. आमच्या वस्तीची अकरा घरं. अकरा घरांना मिळून एक खेप.

मायनं सकाळपासून पाच वस्तू निवडून दारात काढल्या होत्या. पेटी. भांड्यांचं पोतं. गोधड्यांचं बोचकं. गॅसची शेगडी. बापाच्या हातची बाज. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती, माय अजून त्या बाजेवर एका अंगानंच झोपायची. कोठी सहावी झाली.

"बाज ठेवतो भैयासाहेब," माय म्हणाली. "कोठी नेतो."

"आता चारच," तो म्हणाला. "बोलली म्हणून एक कमी."

मायच्या बोटातून रक्त गळत होतं. ज्वारी मातीत सांडत होती. आणि मी, चौतीस वर्षांची घोडी, घमेली उचलून दगड झालेल्या हातांची, हात जोडून त्याच्यापुढं उभी राहिले.

"चुकलं भैयासाहेब. तिले समजत नाई. माफ करा."

हे मी बोलले. दुसऱ्या कोणी नाही.

ट्रॉली भरली. जे उरलं त्याचा ढीग रस्त्याच्या कडेला लागला. "रस्ता मोकळा करा," भैयासाहेब म्हणाला. ट्रॅक्टर चालवणारा श्रावण आमच्याच वस्तीतला. त्यानं डिझेल ओतलं. काडी भैयासाहेबानं स्वतः ओढली. बाज जळली. माझी दहावीपर्यंतची पुस्तकं जळली. गाद्या लवकर जळत नाहीत. कापूस आतल्या आत धुमसत राहतो. ट्रॉली गावाबाहेर पडली तरी तो वास आमच्या मागं येत होता.

त्याचा राग सहाव्या वस्तूचा नव्हता.

नव्या गावठाणातले प्लॉट पुनर्वसनाच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकून वाटले होते. मायच्या नावानं बेचाळीस नंबर निघाला. बेचाळीस नंबर भैयासाहेबाच्या प्लॉटच्या बरोबर समोर. मधात फक्त रस्ता. त्यानं आठ दिवसांतच निरोप पाठवला, तुम्ही नाल्याकाठचा प्लॉट घ्या, हा सोडा. नाल्याकाठी पावसाळाभर पाणी तुंबतं. माय म्हणाली, "चिठ्ठी निघाली ते निघाली." एवढंच म्हणाली. तिला वाटलं, चिठ्ठीपुढं कोणाचं चालत नसेल.

दुसऱ्याच महिन्यात बेचाळीस नंबरचा नकाशा दुरुस्तीला गेला. आजूबाजूचे सगळे बरोबर, तेवढाच एक चुकलेला. दुरुस्ती होईपर्यंत खणायचं नाही, असं सांगण्यात आलं. जुनं घर मशीननं पाडलेलं. नवं बांधायची बंदी. आम्ही दोघी गावठाणातल्याच तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत. तात्पुरत्या म्हणजे चौदा महिने.

दहा बाय बाराची खोली. उन्हाळ्यात पत्र्याला पाठ लागली की फोड यायचा. पेटी आत ठेवली तर पाय लांब करता येत नव्हते. मग माय सामान कमी करत सुटली. पितळी हंडा बीबी गावच्या मावशीकडं पाठवला. सहा ताटं होती, दोन ठेवली. लुगडी तीन ठेवली. पेटी दिली, कपडे पिशवीत आले. "दोघीले लागते किती?" म्हणायची. रेशनच्या दुकानात गेलं की नाव जुन्या गावाच्या यादीत, आणि जुन्या गावात दुकानच उरलं नाही. बाजारात कोणी विचारलं, कोण्या गावची बाई तू, तर माय दुसरीकडं पाहायची.

एक दिवस माझ्या लक्षात आलं, ती स्वतःची भाकर माझ्यापेक्षा लहान थापते. मी बोलले तर म्हणाली, भूक नाही. तिची चेचलेली बोटं वाकडीच जुळली होती. त्या बोटांनी ती लहान भाकर थापायची. माणूस सामान कमी करता करता स्वतःलाही कमी करत जातो. मला भीती वाटायला लागली, की एक दिवस ही एवढीशी होईल आणि त्या पत्र्यात मावून जाईल.

मी बारा वर्षं बांधकामावर आहे. सिमेंटचा माल कालवते, विटा वाहते, पाणी मारते. मिस्त्रीच्या हाताखाली राहून वीट लावायला शिकले. ओळंबा धरता येतो, कोपरा काढता येतो. पण बाईला मिस्त्री कोणी म्हणत नाही. नव्या गावठाणात तेव्हा एकच मोठं काम सुरू होतं. भैयासाहेबाचा बंगला. मी तिथं कामाला गेले. हो, त्याच्याच. लाज वाटली, पण पोटाला गाव नसतं.

मिस्त्र्यांना प्यायला थंड पाण्याचा जार होता. माझं पाणी सिमेंट भिजवायच्या टाक्यातलं. एकदा मिस्त्री जेवायला बसला होता, म्हणाला, तेवढा कोपरा काढून टाक. मी तीन थर लावले. सरळ, ओळंब्यात. भैयासाहेब आला. त्यानं पाहिलं आणि बुटानं तिन्ही थर पाडले.

"माह्या भिंतीले हिचा हात लावता काय बे?"

त्या भिंतीची वीट न् वीट माझ्या डोक्यावरून आली होती. डोक्यावरून आलेली चालत होती, हातानं लावलेली चालत नव्हती. मिस्त्री खाली मान घालून जेवत राहिला. मी वाकून विटा गोळा केल्या, ओला माल खरवडून काढला, आणि परत थप्पी लावली. 

मग वैशाखातली ती दुपार.

माय भाकर घेऊन आली. सात-आठ घरांचं अंतर, पण ऊन असं की तिला भोवळ येत होती. बंगल्याच्या पोर्चला पायऱ्या बसवल्या होत्या, काळ्या दगडाच्या, नव्या. तिथं सावली होती. माय सगळ्यात वरच्या पायरीवर टेकली. भाकरीचं फडकं मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

जीप आली. भैयासाहेब उतरला. तो तिला उठ म्हणाला नाही. सरळ गेला, तिच्या अंबाड्याला हात घातला आणि ओढलं. माय तीन पायऱ्यांवरून घासत खाली आली. खाली सळया पडल्या होत्या. कपाळ सळईवर आपटलं. कातडं फाटून भुवईवर लोंबलं. भाकर मातीत गेली.

आणि तो बोलला. आमच्या जातीचं नाव घेऊन, मायच्या बसण्याबद्दल. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. फिर्यादीत लिहिलं आहे. नंतर मजुरांकडं वळून म्हणाला, "पायरी धुवा बे."

माझ्या डोक्यावर ओल्या मालानं भरलेलं घमेलं होतं. ते मी खाली ठेवलं नाही. फेकलं.

ते त्याच्या जबड्यावर बसलं. तो पायरीवरच आडवा झाला, तोंडावर, छातीवर माल. मी वाळूतलं फावडं उचललं. दोन पावलं गेले. वर उचललं. मारलं असतं. आजही सांगते, मारलं असतं. मिस्त्रीनं मागून कंबरेला मिठी घातली म्हणून फावडं दगडावर आदळलं.

मग त्याची माणसं आली. सेंट्रिंगच्या फळ्या होत्या हाताशी. पहिली फळी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुसरी तोंडावर. दोन दात गेले. पोटात लाथा किती बसल्या ते मोजलं नाही. माय रांगत माझ्याकडं येत होती, तिच्याही पाठीत एक घातली. भैयासाहेब उठला. तोंड पुसत माझ्या डोक्यापाशी येऊन उभा राहिला.

"माफी माग."

माझं तोंड रक्तानं भरलं होतं. मी ते त्याच्या बुटावर थुंकले.

"नाई मागत."

त्यानं पाय उचलला.

"मार," मी म्हणाले. "जीव घे. माफी नाई मागत."

त्यानं लाथ मारली. बरगडीत. पण त्याआधी तो थांबला होता. एक क्षण. मी ते पाहिलं. मारायला त्याला अडचण नव्हती. पुढं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. आजपर्यंत आम्ही दर वेळी माफी मागितली होती आणि तो घरी गेला होता.

नांदुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मायला नऊ टाके पडले. माझा खांदा बांधला. तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि सही करा म्हणाला. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यानं वाचलं. पायरीवर बसण्यावरून किरकोळ बाचाबाची.

"तो काय बोलला ते लिहा," मी म्हटलं.

"ते लिहिलं की प्रकरण वाढते, बाई."

"वाढू द्या."

तो दुसऱ्या कामाला लागला. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. खांद्यातून कळा येत होत्या, घाम गळत होता. माय टाके पडलेल्या डोक्यानं भिंतीला टेकून बसली होती. चार वेळा त्यानं विचारलं, सही करता का. चार वेळा मी म्हटलं, शब्द लिहा. दिवस मावळायला आला तेव्हा त्यानं नवा कागद घेतला. मी ते वाक्य सांगितलं. अख्ख्या ठाण्यासमोर, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. सांगताना जीभ अडखळली नाही. ती घाण आमची नव्हतीच. ज्याची होती त्याच्या नावावर लावली. मायनं अंगठा दिला.

त्यानंही माझ्यावर केस टाकली, जीव घ्यायचा प्रयत्न केला म्हणून. आता दोन्ही चालू आहेत.

पंधरा दिवसांनी बैठक बसली. वरच्या आळीचे होते, आमच्या वस्तीचेही होते. आमच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, पाण्यात राहून मगराशी वैर करू नये. तडजोड अशी ठरवून आणली होती, की आम्ही नाल्याकाठचा प्लॉट घ्यायचा, दोन्ही केसा मागं घ्यायच्या, आणि भैयासाहेब आमच्या घरावर पत्रे टाकून देईल. सगळे मायकडं पाहत होते. त्यांना वाटलं, म्हातारी नरम आहे.

माय उठून उभी राहिली. कपाळावरची जखम अजून लाल होती.

"चवदा महिने मी कमीच करून राह्यली," ती म्हणाली. "ताटं कमी केले. लुगडे कमी केले. भाकर कमी केली. आता जागा नाई कमी करत."

एवढं बोलून ती चालायला लागली. मी तिच्या मागं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही बेचाळीस नंबरवर गेलो. सामान डोक्यावरून दोन खेपांत आलं. चार बांबू रोवले, वरून ताडपत्री. आदल्या दिवशी मी कचेरीत जाऊन आले होते. म्हटलं, खणायची बंदी आहे तर लेखी द्या. साहेब दुसऱ्याकडं बोट दाखवायचा, दुसरा तिसऱ्याकडं. लेखी कोणी दिलं नाही. मी म्हटलं, मग बंदी नाही.

खांदा नीट जुळायच्या आधीच मी पहार धरली. काळी माती, उन्हात लोखंडासारखी. पहिल्या आठवड्यात त्याच्या माणसांनी आमचा नळ तोडला. दुसऱ्या आठवड्यात ताडपत्रीवर दगड आले. एका सकाळी आम्ही पाणी आणायला गेलो असताना जीप सरळ पालावरून गेली. बांबू मोडले, चूल मातीत मिळाली, दोन ताटांतलं एक चपटं झालं. मायनं नवी चूल मांडली. मी बांबू बांधले आणि परत ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. आता तो लिहिणारा मला पाहिलं की आधीच कागद काढतो.

परवा श्रावण आला. त्यानं भैयासाहेबाचं काम सोडलेलं नाही, म्हणून इकडं तिकडं पाहत आला. मी कमरेएवढ्या खड्ड्यात उभी होते. तो काठावर बसला.

"ताई, खणून राह्यली तं खण," तो म्हणाला. "पण दार मांगून कर. रोज त्याचं तोंड कायले पाह्यतं?"

तो वाईट माणूस नाही. भ्यायलेला आहे. मीही पस्तीस वर्षं तशीच होते, म्हणून त्याच्यावर चिडले नाही. पण उत्तर दिलं.

"दार समोरच राहीन, श्रावणभाऊ. त्याले पाह्यचं नसन तं त्यानं त्याचं दार मांगून करावं."

पाया तीन फूट झाला आहे. कोर्टाची तारीख लागली की जाते, आले की खणते. दुसऱ्याच्या भिंतीसाठी घमेलं उचलते, पोट आहे. पण त्या बंगल्यावर नाही, आणि टाक्यातलं पाणी पीत नाही. तो रस्त्यापलीकडून पाहत असतो. मी मान खाली घालत नाही. तो परत आला तर परत लढेन, आणि या वेळी कंबरेला मिठी घालायला कोणी असेलच असं नाही.

मिस्त्रीकाम मला येतं. पाया भरला की मी भिंतींची वाट पाहणार नाही. आधी चौकट उभी करणार, तोंड त्याच्या दाराकडं. भिंती मागून.