पहिल्या आठ फुटांत भामा हिलम

नवीन पनवेलच्या एका गृहसंकुलाची कुंपणभिंत एकशेवीस फूट लांब आहे आणि गेल्या वर्षी तिच्यावर राष्ट्राचा समग्र इतिहास मावला. ‘सर्वांनी मिळून रंगवलेला, सर्वांचा इतिहास’ असे समितीच्या पत्रकात छापले होते. रहिवासी आले, दोन शाळा आल्या, ज्येष्ठ नागरिक मंडळही आले. या सर्वांमध्ये एखादा आदिवासी हवा, हे तिसऱ्या बैठकीत कोणाच्या तरी लक्षात आले आणि भामा हिलमचा शोध लागला.

वास्तविक ती कुठे हरवली नव्हती. विचुंब्यापलीकडच्या कातकरवाडीतली ही पंचावन्नेक वर्षांची बाई पावसाळाभर त्याच संकुलाच्या फाटकासमोर कंटोळी आणि मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, विकत बसते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. समितीच्या अध्यक्ष मनिषाताई तिच्याशी अनेक वर्षे दरावरून हुज्जत घालत आल्या होत्या. त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. चित्रभिंतीची कल्पना मात्र प्रणित या तरुण वास्तुरचनाकाराची.

“मावशी, आम्हाला वारली चित्र काढून द्यायचं तुम्ही,” तो म्हणाला.

“आमी वारली नाय. आमी कातकरी.”

“हो हो, तेच ते.”

“तेच कसं? वारली तिकडं डानूला. आमच्यात चितर काडीत नाय कुनी. मुठे पायजेत तर सांगा, धरून देते.”

सगळे हसले. “किती नम्र असतात हे लोक,” मनिषाताई म्हणाल्या. ज्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या खैराचा काथ काढला, तिच्या हाती दुसऱ्याच जमातीची कला देण्याचे हे कार्य एकतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईंच्या हातून पार पडले.

भामाने होकार दिला तो एका अटीवर. तिचा आजा भिंतीवर घ्यायचा. जंगल सत्याग्रहात त्याने सरकारी रानात कुऱ्हाड चालवली, पोलिसांनी त्याला दोरीने बांधून नेले आणि तुरुंगातून तो कायमचा खोकला घेऊन परतला, असे तिचा बाप सांगत असे. बापाने तिच्यासाठी मागे ठेवलेली वस्तू म्हणावी तर एवढीच. “नक्की घेऊ,” प्रणित म्हणाला. मनिषाताईंनीही मान डोलावली.

तिच्या वाट्याला आले ते भिंतीचे पहिले आठ फूट. विषय: आदिमानव. पुढे सिंधू संस्कृती, राजे, लढाया, आगगाडी, स्वातंत्र्य आणि शेवटी विमानतळ. त्या एकशे बारा फुटांत कातकरी कुठेही नव्हता. राष्ट्राने त्याला सुरुवातीलाच एकदा नमस्कार केला आणि ते पुढे निघून गेले.

भट्टीवर जाणे लांबवून भामा सहा दिवस आली. प्रणित मोबाइलवर त्रिकोणी माणसे दाखवी, भामा ती गेरूवर पांढऱ्या रंगाने उतरवून काढी. येणारेजाणारे म्हणत, “रक्तातच असतं हो त्यांच्या.” सहाव्या दिवशी तिने विचारले, “बाई, आजाची जागा कुठं?”

“मावशी, असं कसं घेता येईल? इतिहासाला कागद लागतो. तुमच्या आजोबांचं नाव कुठल्या यादीत आहे का?”

“तेच्या हातात कुऱ्हाड व्हती बाई, कागद कुठला?”

“पुरावा नको का पण?”

“मी वारली हाय, त्याचा पुरावा बगितला का तुमी?”

प्रणितने मोबाइलमध्ये डोके घातले. स्वातंत्र्याच्या भागाची रचना अंतिम झाली आहे, आता बदल अशक्य, असे त्याने मोबाइललाच सांगितले. भामाने त्या भागाकडे बोट केले. “ह्यो मीठ उचलतो, त्याच्याखाली काय लिवलंय?”

“एकोणीसशे तीस. दांडीचं साल,” मनिषाताई म्हणाल्या.

“मंग तेच साल. बा म्हनायचा, मिठाच्या साली आजाला नेला.”

दुपारी भामाने आपल्याच आठ फुटांत आणखी तीन माणसे काढली. मधल्याचे हात बांधलेले, दोन्ही बाजूंना दोघे बंदुका घेऊन.

उद्घाटनाच्या दिवशी मनिषाताई मुलांना समजावून सांगत होत्या, “हा बघा, आदिमानव शिकारीहून परततोय. सोबत्यांच्या हातांत भाले आहेत.”

“भाले नाय, बंदुका,” भामा पुढे होऊन म्हणाली. “ते शिपाय. मदला माजा आजा.”

“काय कल्पनाशक्ती आहे मावशींची!” मनिषाताई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. शाल देण्यात आली.

त्या शालीसकट भामा भिंतीच्या कडेने चालत दांडीच्या चित्रापाशी गेली. तिला अक्षरओळख नाही. ते चार आकडे तिने त्रिकोणी माणसांसारखेच न्याहाळले, दोनदा हवेत गिरवले आणि परत आली. मंडपाचा एक खिळा उचलून आजाच्या पायाखाली तिने ते गिलाव्यात खोल कोरले. पाहुणे तेव्हा समोसे खात होते.

समितीने त्याच संध्याकाळी त्यावर गेरूचा हात दिला, आठवड्याने दुसरा. कोरलेल्या रेघांत रंग साचला आणि आकडा अधिकच गडद दिसू लागला. शाळांच्या सहली अजून येतात. सिंधू संस्कृतीच्या आधी १९३० कसे, असे एखादी मुलगी विचारतेच. मनिषाताई आधी पुढच्या भागाकडे वळू पाहतात. मुलगी हलत नाही. मग त्यांना भामाच्या आजाची हकिकत सांगावी लागते, दोरीपासून खोकल्यापर्यंत.