बर्फावर बोलायचं नाही

आमच्या नॉर्डबी गावात ऑरिन हाउगडाल न्हावी होता, आणि त्याच्याइतका बोलणारा माणूस मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला दुसरा झाला नसेल. गळ्याभोवती कापड आवळलं की त्याची टकळी सुरू. कुणाची गाय आटली, कुणाचा जावई पळाला, कुणाची गाडी खड्ड्यात गेली. एकदा बोलण्याच्या भरात त्याने माझ्या कानाला कात्री लावली, तर रक्त पुसतानाही गोष्ट थांबवली नाही.

हाच माणूस तळं गोठलं की मुका व्हायचा. हिवाळ्यात तो दुकान दुपारीच बंद करून बर्फावरच्या आपल्या लाकडी खोपट्यात जाऊन बसे. आत एक शेगडी, दोन बाकं आणि खाली बर्फात गिरमिटाने पाडलेली भोकं. भोकातून गळ सोडायचा आणि वाट बघायची. तिथे बसायला अट एकच, बोलायचं नाही.

"मासा कानाने जगतो," तो दुकानात सगळ्यांना बजावायचा. "तुम्ही एक शब्द उच्चारलात, की वॉलआय गेला कॅनडाला!"

वॉलआय म्हणजे आमच्या तळ्यातला मानाचा मासा. ऑरिनच्या गळाला तो लागे, त्यामुळे कुणी शंका घेत नसे. गुणगुणले म्हणून त्याने पाद्रीबुवांना थंडीत बाहेर काढलं होतं. मी एकदा सँडविचचा कागद उलगडायला गेलो, तर त्याने असे डोळे वटारले, की मी ते तसंच खिशात ठेवून उपाशी बसलो. हळूहळू सगळ्या तळ्याचा हाच कायदा झाला. खरं तर तो आम्हा पुरुषांच्या सोयीचाही होता. घरी गप्प बसलं की "काय बिनसलंय?" असं विचारणारं कुणीतरी असतं. बर्फावर गप्प बसलेला माणूस हुशार ठरायचा.

ऑरिनची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बाई मोठी बोलकी. पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेला नवरा घरी आला की तोंडासमोर पेपर धरायचा, आणि हिवाळ्यात तर तो घरीच नसायचा. ती बर्फ तुडवत त्याचा डबा घेऊन येई, खोपट्याच्या दारावर एक टिचकी मारी, डबा खाली ठेवी आणि निघून जाई. टिचकीसुद्धा हळू.

ऑरिनने दुकान विकलं त्या नाताळात त्यांच्या लेकीने, सिग्नेने, शहरातून त्याला पाण्याखालचा कॅमेरा पाठवला. मुठीएवढं यंत्र, त्याला लांबलचक वायर आणि वर डब्यात बसवलेला पडदा.

"मासा बघायचा असेल तर ताटात बघावा," ऑरिन मला म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं शेजारच्या भोकातून तो सोडत होतो.

आधी पडद्यावर हिरवट गढूळ काहीतरी दिसलं. मग तळाची वाळू, एक बुडलेलं लाकूड, आणि मासे. एक-दोन नव्हे, घोळकाच. गावजेवणाला रांग लावावी तसे ते एकेक करून ऑरिनच्या गळाशी येत, काचेच्या डोळ्यांनी आमिष न्याहाळत आणि नापसंतीने वळून जात. फाटक्या कल्ल्याचा एक धटिंगण तर तीनदा येऊन गेला.

ऑरिनचा चेहरा उतरला. आजवर काही लागलं नाही तर तो म्हणायचा, खाली मासाच नाही. मासा कायम होता. त्याला ऑरिन पसंत नव्हता, एवढंच.

तेवढ्यात बाहेरून कुणाची तरी बर्फगाडी फटफटत गेली. खोपटं हादरलं, कॉफी हिंदकळली. ऑरिनने ओठांतल्या ओठांत शिवी घातली आणि आम्ही दोघांनी पडद्याकडे बघितलं. मासे होते तिथेच. एकानेही शेपूट हलवली नाही.

ऑरिनने बाहीने पडदा पुसून पुन्हा बघितलं. मग घसा खाकरून, जन्मात पहिल्यांदा, तो त्या खोपट्यात मोठ्याने म्हणाला, "ए फाटक्या!"

फाटका हलला नाही.

ऑरिनने हवामानाचा अंदाज वाचून दाखवला, चर्चमधलं एक गाणं खड्या आवाजात म्हटलं. मला म्हणाला, "तू ओरड." मीही ओरडलो. मासे निवांत. उलट दोन नवे आले.

"हे कुठे बोलायचं नाही," माझी बाही धरून ऑरिन म्हणाला.

"अरे, पण का? ही तर चांगली बातमी आहे."

"चांगली? आर्डिसला कळलं तर?"

मग मला उमगलं, आणि मीही गप्प बसलो. मलाही घरी बायको आहे.

पुढे ऑरिनने जे केलं त्याला धाडसच म्हणायला हवं. चौकातल्या कॉफीच्या दुकानात तो सांगू लागला, की कॅमेऱ्याने त्याचं म्हणणं सिद्ध झालं. "डोळ्यांनी बघितलं! शिंकलो, तर घोळका नाहीसा!" लोकांनी माना डोलावल्या. पाद्रीबुवा तर म्हणाले, "ऑरिन, तेव्हा मी उगाच रागावलो तुझ्यावर."

फेब्रुवारीत एका दुपारी माझी गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतली. ऑरिन फावडं घेऊन मदतीला आला, गळ पाण्यात तसाच ठेवून. आम्ही परतलो तर खोपट्यातून आवाज येत होता. आर्डिस! डबा द्यायला आली होती, आत कुणी नाही बघून शेकायला बसली, आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. बहीण मायर्टल ऐकायला कमी, त्यामुळे आर्डिसचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत पोचत होता.

"नाही गं, बटाट्याचा पाव नाही, मक्याचा! मक्याचा! म, क... थांब हं मायर्टल, दुसरा लागलाय!"

आम्ही दार उघडलं. तिच्या बुटाशी फाटक्या कल्ल्याचा तो वॉलआय पडला होता, आणि फोन खांद्यात दाबून ती आणखी एक ओढत होती. पडद्यावर मागचे आपली पाळी यायची वाट बघत होते.

आर्डिसने मासा बर्फावर टाकला, फोन बंद केला, पडद्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"यांना ऐकू येत नाही का?"

"हे... हे बहिरे असतील," ऑरिन म्हणाला.

"सगळे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी शेगडीत लाकूड सारायला लागलो. शेगडी भरलेलीच होती.

"म्हणजे तुम्हाला दोघांना माहीत होतं," आर्डिस म्हणाली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तिने फक्त हातमोजे काढले आणि बाकावर नीट बसली. "बरं. मग बोल आता."

"काय बोलू?"

"काहीही. मासे पळत नाहीत ना? बोल."

गावातल्या प्रत्येक डोक्याशी आयुष्यभर बोललेला हा माणूस तोंड उघडून बसला, आणि त्यातून शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, "आज वारा उत्तरेचा आहे."

"माझी आई गेली तेव्हाही उत्तरेचाच होता," आर्डिस म्हणाली. "दफन करून सगळे गेले. तू इथे आलास. घरात मला राहवेना, म्हणून मीही आले तुझ्या मागे. दार उघडलं, तर तू ओठांवर बोट ठेवलंस. मी परत गेले. लांब तळ्याच्या मध्यावर जाऊन रडले, तुझे मासे पळू नयेत म्हणून."

मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण दार आर्डिसच्या पाठीशी होतं, आणि तिला "जरा सरकता का?" म्हणायची माझी छाती नव्हती. ऑरिनने टोपी काढून हातात धरली. त्याच्या टकलावर घाम होता.

"मला आठवतं," तो म्हणाला. "त्या दिवशी काही लागलं नव्हतं."

मला वाटलं, संपलं, आता ही बाई गिरमिट उचलणार. पण आर्डिस हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं हसण्याचं किती नि दुसरं किती, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज विणकाम घेऊन खोपट्यात येऊ लागली. आईबद्दल बोलली, शाळेच्या मुख्याध्यापिकेबद्दल बोलली, दूर राहणाऱ्या सिग्नेबद्दल बोलली. मासे पूर्वीइतकेच लागत. एक कमी नाही, एक जास्त नाही. बातमी मायर्टलकडून गावभर गेली, आणि पंधरवड्यात तळं बायकांनी भरलं. एका खोपट्यातून रेडिओ वाजू लागला, दुसऱ्यात पत्ते. पुरुष ऑरिनशी बोलेनासे झाले. "तो कॅमेरा तेव्हाच फोडून टाकायचा होता," कुणी म्हणालं. पाद्रीबुवांनी त्या रविवारी खोटेपणावर प्रवचन दिलं आणि सबंध वेळ तिसऱ्या बाकाकडे बघत राहिले. हाउगडाल नवरा-बायको तिथेच बसतात.

मार्चच्या सुरुवातीला एकदा बोलता बोलता आर्डिस सहज म्हणाली, "मला मुळात मासा आवडतच नाही."

ऑरिन दचकला. "पण तू तर इतकी वर्षं... तळलास, भाजलास, लोणच्यात घातलास..."

"तू आणायचास ना. आणि विचारलं नव्हतंस."

तेव्हापासून ऑरिन लागलेला मासा परत पाण्यात सोडतो. कधी कधी गळच टाकत नाही. नुसता कॅमेरा पाण्यात टाकून दोघं पडद्याकडे बघत कोंबडीचं सँडविच खात बसतात.

दर गुरुवारी आर्डिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. तेव्हा ऑरिन माझ्या खोपट्यात येतो. मला वाटलं होतं, बिचाऱ्याला घटकाभर शांतता हवी असेल. पण तो आला की सुरू होतो: आर्डिस काय म्हणाली, तिच्या आजीने स्वीडनहून येताना पेटीत काय आणलं, मुख्याध्यापिका खरी कशी होती. परवा मी न राहवून म्हणालो, "ऑरिन, जरा गप्प बसशील का? मासा येतोय."

"येऊ दे की," तो म्हणाला, आणि पुढे बोलत राहिला. मी हातभर लांब वॉलआय वर ओढला. त्याने बघितलंसुद्धा नाही.