जमीनदाराचं मानपत्र

परदेशात शिकायला आले तेव्हा टूनगॅबी या उपनगरात मला खोली मिळाली ती एका ऐंशीच्या घरातल्या हंगेरियन म्हाताऱ्याकडे. तेव्हा विमानं भरभरून विद्यार्थी येत होते, एकेका हॉलमध्ये सहा-सहा गाद्या. मला स्वतंत्र खोली, म्हणून मैत्रिणी जळायच्या. त्यांना काय माहीत, युनीतून, म्हणजे विद्यापीठातून, आले की म्हातारा मला टायपिंगला बसवायचा!

त्याचे डोळे अधू झाले होते. लेक रविवारी जेवायला येणार होती आणि तिला तिच्या आजोबांची हकिगत लिहून द्यायची होती. आजवर त्याने तिच्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. हकिगत मात्र जबरी! म्हाताऱ्याचे वडील शेकडो एकरांचे जमीनदार. मजुरांचे हाल बघून शेतकऱ्यांच्या पक्षात गेले, निवडून आले, जमिनी वाटा म्हणाले आणि सुरुवात स्वतःच्याच जमिनीपासून केली. त्यात मुलाला कबूल केलेली जर्दाळूची बागही गेली. मुलगा बिथरला. बोलणं टाकून इकडे निघून आला. मागून वडिलांची पाच पत्रं आली, याने एकही फोडलं नाही. वडील वारले तरी नाही.

आता मी पडले सांगलीकडची. आमचे बाबा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची मानपत्रं लिहायचे आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम माझं. मग काय, हात सुटलाच! शेतकऱ्यांचे कैवारी, त्यागमूर्ती, कार्यसम्राट, सगळं इंग्रजीत ठोकून दिलं. मानपत्रात घरची भांडणं घालत नाहीत, म्हणून बाग आणि पत्रं खुशाल गाळली. वर स्वतःवरच खूश.

रविवारी जेवणं झाल्यावर लेकीने मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्याच परिच्छेदाला म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला.

"हा कोण देवमाणूस? माझा बाप कुठाय यात? पत्रं कुठायत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यानेच तिला सगळं सांगितलं. ती भडकलीच.

"एकही वाचलं नाहीस? आण इकडे!"

पत्रं आली, पण वाचणार कोण? त्याला दिसेना आणि तिला हंगेरियन येईना. त्याने शिकवलीच नव्हती. पण लिपी तर इंग्रजीचीच. मग पहिलं पाकीट फोडून ती एकेक अक्षर सांगू लागली आणि तो डोळे मिटून शब्द जुळवू लागला. मी भांडी घासायच्या निमित्ताने सिंकपाशी उभी. तीन ओळींना अर्धा तास लागला असेल. मग त्याने तिला हाताने थांबवलं आणि आम्हाला इंग्रजीत सांगितलं, "लिहितात, बाग तुझी होती. देण्याआधी तुला विचारायला हवं होतं."

"आणि विचारलं असतं तर?" लेक म्हणाली.

"हो म्हणालो असतो गं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.