पुण्याची नटी आमच्या कॉलनीत

मी कमी बोलतो, त्यामुळे किस्से माझ्याजवळ साचतात. बोलणारा सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याच्या घरात मात्र पापडांसारखे डबेच्या डबे भरतात. त्यातला हा डबा माझ्या नातीचा, गार्गीचा.

माझा मुलगा सुनील, त्याची पुण्याहून हिंगोलीला, माझ्या जुन्या मुलखात, बदली झाली. औंढ्याच्या रस्त्याला गावाबाहेर आमची नवी कॉलनी. अलीकडे घरं, पलीकडे हळदीची शेतं. नववीतल्या गार्गीला नटी व्हायचं होतं. आल्या आल्या म्हणाली, "आबा, इथं नाटक बघणार कोण? म्हशी?"

बापाकडून तिनं कबूल करून घेतलं. शाळेच्या गॅदरिंगपर्यंत राहीन, नाही रमले तर पुण्याला आत्याकडे परत. सुनील हो म्हणाला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्याच सकाळी गच्चीवर तिचा आवाजाचा व्यायाम. "आऽऽ! ईऽऽ! ऊऽऽ!" शेजारच्या शांताबाई कुंपणापाशी धावत आल्या.

"आबा, लेकरू काहून वरडून राहिलं? इंचू चावला का काय?"

"न्हाई. आवाज तयार करून राहिली."

"अजून किती तयार करती? माझी म्हैस दावं तोडून पळाली की!"

गार्गी खूश. "म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचला!"

*

मग रडण्याची प्रॅक्टिस. "आबाऽऽ, आम्हाला सोडून कुठं गेलात होऽऽ!" असा टाहो फोडला पोरीनं, की समोर बसलेल्या माझेच डोळे भरून आले.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. थोड्याच वेळात दारावर थाप पडली. मीच उघडलं. शांताबाई, मागे कॉलनीतल्या बाया, हातात टोपली.

शांताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आबा... तुमीच तर गेले होते!"

मी म्हणालो, "या, बसा."

पिठलं चांगलं झालं होतं.

*

बंजारा तांड्यावरून येणारी लक्ष्मी शाळेत गार्गीच्या बाकावर बसायची. गार्गीनं तिला नाटकातलं भांडण करून दाखवलं. लक्ष्मी म्हणाली, "असं भांडलीस तर समोरचा तुला चहा पाजंल! शिकायचं तर वसमतच्या गाडीत चढ."

रविवारी गार्गी आणि मी निघालो. एसटी खचाखच. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा आमच्याकडचा कायदा. गार्गी कमरेवर हात ठेवून एका धिप्पाड माणसासमोर उभी राहिली.

"ओ दादा! रुमाल टाकलेला दिसून न्हाई राहिला का? म्हातारं माणूस हाय संगं. उठा!"

तो मुकाट्यानं उठला. वर मला म्हणाला, "बसा बाबा, चुकलं माझं."

वाटेत मी हळूच विचारलं, "रुमाल कधी टाकलास गं?"

"कुठला रुमाल, आबा?"

*

गॅदरिंगला सगळी कॉलनी झाडून आली. नाटकात गार्गी सून, लक्ष्मी सासू. सासू सुनेला घराबाहेर काढते, सून पाठमोरी चालत जाते, पडदा. सुनील मोबाइल धरून पुढं बसलेला. मी मागं.

गार्गी उंबऱ्यापाशी वळली. "चालले मी."

"थांब गं पोरी!"

शांताबाई उठल्या होत्या. थेट स्टेजकडे. वाटेत प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर सत्काराचा नारळ होता, तो उचलला. "साहेब, तुमाला दुसरा भेटंल!" वर चढून लक्ष्मीला सुनावलं, "काढायचं तर काढ, पर लेकीबाळीला कुणी रिकाम्या ओटीनं धाडतं का?"

मला वाटलं, संपलं सगळं. गार्गी हसली नाही, पडद्याची दोरी धरून उभ्या सरांकडे बघितलं नाही. तिनं पदर पसरला. नारळ घेतला, वाकून शांताबाईंच्या पाया पडली आणि सावकाश निघून गेली. सासू झालेली लक्ष्मी खरंच रडायला लागली. सर पडदा ओढायचं विसरले.

घरी आल्यावर गार्गी ओट्यावर बसली, तोंडाला रंग तसाच, मांडीत नारळ. सुनीलनं विचारलं, "मग? आत्याला कळवू का?"

तिनं नारळावरून हात फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, "पुण्यात कुणी स्टेजवर चढलं असतं का हो?"