बडीशेपेखालची नोट

बाबांच्या शर्टाच्या खिशात पूर्वी बडीशेप साठायची. लोह्याच्या पुढं, लातूर रोडवरच्या एका हॉटेलात ते वेटर आहेत. बिलाच्या डिशमध्ये बडीशेप असते आणि गिऱ्हाईक टिपची नोट तिच्याखाली सरकवतं. बाबा ती न बघता खिशात टाकायचे, त्यामुळे चार दाणे सोबत जायचेच! आता खिसा कोरा असतो. साठतात ते फक्त किस्से. शाळा सुटली की गावाकडची रिक्षा भरेपर्यंत मी तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करत बसते, म्हणून ते सगळे माझ्याजवळ जमा. माझं रिक्षाभाडं टिपमधूनच निघायचं. आता आई म्हणते, "दहावी होऊ दे, पुढचं पुढं बघू." त्यामुळे मला या किश्श्यांवर हसू जरा कमीच येतं.

* * *

शेठनं टेबलाटेबलावर क्यूआर कोड चिकटवले, त्याच दिवशीची गोष्ट. एका साहेबांनी मोबाईलवर बिल भरलं आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "सर्व्हिस लई भारी! पण आता सुट्टे ठेवतच न्हाई मी."

मग त्यांनी मूठभर बडीशेप तोंडात टाकली. उरलेली कागदात बांधून घेतली!

बाबांचे जोडीदार रफिकचाचा रिकामी डिश उलटीपालटी करून म्हणाले, "गनीमत समज, डिश तरी ठेवली!"

* * *

एका काकूंनी बिलावर पन्नास रुपये जास्त पाठवले आणि जाताना गल्ल्यावर सांगितलं, "हे त्या वाढणाऱ्या दादांचे."

"हाव, हाव, देतो," शेठ म्हणाले.

नंतर बाबा गल्ल्यासमोरचं स्वच्छ टेबल रोज पुसायचे. शेवटी चाचांनीच विषय काढला. "शेठ, ते काकूंचे पन्नास..."

शेठनं मोबाईल पुढं धरला. "यात हायत. काढ बरं, कुठून काढतोस!"

सगळे हसले. बाबाही हसले. मी वहीत मान घातली.

* * *

मग मीच आईच्या खात्याच्या क्यूआर कोडचं कार्ड करून बाबांना दिलं. कितीतरी दिवस ते खिशातून निघेना. "मागून घेतल्यावानी वाटतं गं," ते म्हणायचे. चाचा फारच मागं लागले तेव्हा एकदा एका तरुण गिऱ्हाइकापुढं धरलं. त्यानं स्कॅन केलं. स्क्रीनवर आईचं नाव आलं.

"नाव बाईचं अन् मिशा तुमच्या! काका, फ्रॉड तर न्हाई ना?"

अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. बाबांनी कार्ड खिशात ठेवलं. चाचा म्हणाले, "उद्या मिशा काढून ये!"

कार्ड पुन्हा बाहेर आलं नाही.

* * *

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातली प्राजक्ता घरच्यांसोबत वाढदिवस करायला तिथंच आली. तिनं नवा ड्रेस घातला होता, मी युनिफॉर्ममध्येच.

"अय्या, तू पण जेवायला आलीस?"

"हो," मी म्हणाले. "झालं जेवण. निघतेच आता."

बाबा तेव्हा त्यांच्या टेबलावर पाण्याचे ग्लास मांडत होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. थोड्या वेळानं ते माझ्या टेबलाशी आले आणि वहीशेजारी बडीशेपेची डिश ठेवली.

"मॅडम, बिल."

प्राजक्ता बघत होती. माझ्या कंपासपेटीत रिक्षासाठी सकाळी बाबांनीच दिलेली नोट होती. ती मी बडीशेपेखाली सरकवली आणि दप्तर उचललं. बाबांनी ती न बघता खिशात टाकली.

"परत या, मॅडम."

त्या दिवशी मी गावापर्यंत चालत गेले.

सकाळी आई धुणं धुवायला बसली. शर्टाचा खिसा उलटा केला आणि ओरडलीच, "अगं बाई, बडीशेप! टिप देणारं कोण भेटलं हो?"

बाबा दाढी करत होते. आरशातली नजर न हलवता म्हणाले, "होती एक पोरगी. लई चांगल्या घरची दिसत होती."