भिजलेला पत्ता आणि पंच ढवळे

मच्छिंद्र ढवळे बावीस वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. पिन गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसली तर पास, नाही तर लाल खोक्यात, एवढंच त्यांचं काम. पण ते काम त्यांच्याइतकं नीट कुणी करत नसे. दोन हजार एक साली कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ढवळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. त्यातला 'स्वेच्छा' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि सही केली.

मग वारज्याच्या घरातल्या रिकाम्या दुपारी त्यांना खायला उठू लागल्या. पत्नी हेमा बालवाडीत शिकवायची. मुलगी सृष्टी शाळा सुटली की परस्पर सुहासिनीबाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात. तिथल्या मागच्या खोलीत परदेशी पत्त्यांचा एक खेळ चाले. हे पत्ते बदाम-इस्पिकचे नव्हते. प्रत्येकावर एखादा योद्धा नाहीतर जनावर, आणि खाली बारीक इंग्रजीत त्यानं काय करायचं ते. बंद पाकिटांतून ते मिळत. पोरं जमवत, अदलाबदल करत, साठांची गड्डी बांधून खेळत आणि त्याहून जास्त भांडत.

एका रविवारी सृष्टीला न्यायला आलेले ढवळे दारातच थांबले. गड्डीत एका नावाचे चारच पत्ते चालतात, आणि कुणीतरी पाचवा घुसवला होता. जपानी छपाईचा.

"चित्र वेगळं, भाषा वेगळी, म्हणजे पत्ताच वेगळा!" पोरगा हटून बसला होता.

"हे कुठं लिहिलंय?" ढवळ्यांनी विचारलं.

नियम कुणी वाचलेच नव्हते.

हिंजवडीच्या कंपनीत काम करणारा इंद्रजीत तिथला मुरलेला खेळाडू. पुढच्या आठवड्यात त्यानं नियमांची दीडशे पानं छापून आणली. ढवळ्यांनी ती शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचली. पत्ता ठरतो तो नावानं. जपानी झाला म्हणून तो निराळा होत नाही. डावात तयार होणारं टोकन, म्हणजे पत्त्याऐवजी मांडायची खूण, पत्त्यासारखं वागतं, पण ते पत्ता नव्हे. मैदानाबाहेर गेलं की संपलं. आणि पत्त्यावरचं वाक्य मूळ नियमाच्या आड आलं, तर पत्त्याचं खरं! हे वाचून ते खुर्चीतून उठलेच.

"अगं हेमा, इथं पिनच गेजला सांगते, तुझं माप चुकलं म्हणून!"

"अहो, भाकरी पण सांगतेय, गार झाले म्हणून," हेमा म्हणाली.

सुहासिनीबाईंनी त्यांना पंच नेमलं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ढवळे निघाले, की हेमा मुद्दाम दारापर्यंत येई.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मोठी स्पर्धा भरली. सृष्टी तेव्हा चौदा वर्षांची. पहिल्या डावाला बसताना तिनं दप्तर उघडलं, तर पाण्याची बाटली गळलेली आणि 'स्टोन गार्डियन' हा दगडी पहारेकऱ्याचा पत्ता भिजून फुगलेला. सहा महिने अदलाबदल करून मिळवलेला, त्या नावाचा तिच्याकडचा एकुलता एक. फुगलेला पत्ता पाठीवरूनही ओळखू येतो, म्हणून चालत नाही.

"बाबा, कोऱ्या पत्त्यावर नाव लिहून द्या ना. पंचांना देता येतं."

देता येत होतं. स्पर्धा चालू असताना चुकून पत्ता खराब झाला, तर पंचानं नाव लिहिलेला पत्ता त्या दिवसापुरता खरा धरायचा.

"कधी भिजला?"

सृष्टीनं बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. "येताना. रस्त्यात."

"मग नाही देता येत, बाळा."

तिनं दुसरा साधा पत्ता गड्डीत घातला. तशीही जिंकत जिंकत ती उपान्त्य फेरीत पोचली. समोर इंद्रजीत. डाव रंगात आला असताना सुहासिनीबाईंच्या हातून चहाचा कप कलंडला, आणि भिजला तो नेमका इंद्रजीतचा स्टोन गार्डियन.

ढवळ्यांनी कोरा पत्ता काढला. पेन टेकवताना त्यांची नजर सृष्टीच्या गड्डीकडे गेली. मग त्यांनी सावकाश, ठळक नाव लिहिलं आणि पत्ता इंद्रजीतपुढे ठेवला.

"हा पत्ता आहे?" सृष्टीनं विचारलं.

"आजच्या दिवस आहे."

त्याच पत्त्यानं ती हरली. उठून तिनं इंद्रजीतशी हात मिळवला. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी गं. काका, तुम्ही पण ना..."

बापलेक घरी निघाले. वाटेतल्या पुलाखालून बाहेर आल्यावर ढवळे म्हणाले, "स्पर्धा सुरू झाल्यावर भिजला म्हणाली असतीस, तर मला कळलं नसतं."

"माहितीये."

"मग?"

"मग तुम्ही लिहून दिलं असतंत. आणि ते खोटं झालं असतं ना, बाबा."

ढवळ्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी ते पुठ्ठा आणि पट्टी घेऊन बसले. तंतोतंत मापाचा पत्ता कापला, नाव लिहिलं, चित्रही काढलं. सृष्टी वाकून बघत होती.

"हा गार्डियन मिशा का ठेवतो?"

"घरच्या डावाला चालेल ना?"

"पळेल," ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग तिनं आईला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. हेमानं पहिलाच पत्ता उलटा धरला, आणि दोघंही एकदमच तिला नियम सांगायला लागले.